जर्मन शिका, पण मराठीच्या वाटेने

जर्मन शिकायला लागलेल्या मराठी मुलांच्या वह्या पाहिल्या, तर बहुतेकींत डाव्या बाजूला जर्मन शब्द असतो आणि उजव्या बाजूला इंग्रजी. घरात मराठी, मनात मराठी, पुष्कळदा वर्गातल्या बाईही मराठीच. तरी अर्थ लिहायची वेळ आली की मध्ये इंग्रजी येऊन बसते. याची कारणं उघड आहेत. वर्गातली पुस्तकं पूर्ण जर्मनमध्ये असतात आणि मोबाइलवरची बहुतेक साधनं इंग्रजीतून समजावतात. पण या सवयीपायी आपण हातातलं मोठं भांडवल वाया घालवतो. तीन लिंगं, विभक्तीची रूपं, वाक्याच्या शेवटी जाणारं क्रियापद, तू आणि तुम्ही यांतला फरक, हे सगळं जर्मनमध्ये आहे, मराठीत आहे आणि इंग्रजीत जवळजवळ नाही. ज्या भाषेत या गोष्टीच नाहीत, तिच्यातून त्या समजून घेणं हा उगाचचा वळसा आहे.

आज हे सांगण्याची निकड जास्त वाटते, कारण आता जर्मन फक्त हौसेने शिकली जात नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबेर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याबाबत करार केला. परिचारिका म्हणून काम करायचं तर साधारण बी२ ही वरची पातळी लागते, जोडीदाराच्या व्हिसासाठी बहुधा ए१ ही सुरुवातीची. लातूर-नांदेडच्या मुलामुलींनाही आता ही भाषा शिकावीशी वाटते, आणि त्यांच्यापैकी अनेकांचं इंग्रजी बेताचं असतं. त्यांना वाटतं, आधी इंग्रजी पक्कं करू, मग जर्मन. तशी काही गरज नाही. शाळेत शिकलेलं मराठी व्याकरण, आणि आठवी ते दहावी संस्कृत घेतलं असेल तर तेही, बाहेर काढा. इथून पुढे जे सांगणार आहे त्याला तेवढी शिदोरी पुरते.

एक सूचना आधीच देतो. या लेखात जर्मन शब्द देवनागरीत आहेत ते वाचण्याच्या सोयीसाठी. तुमच्या वहीत मात्र पहिल्या दिवसापासून जर्मन शब्द रोमन लिपीतच लिहा, नामाचं पहिलं अक्षर मोठं काढून. देवनागरीत लिहिलेला उच्चार डोक्यात घट्ट बसतो आणि पुढे हलत नाही.

सुरुवात वाक्यरचनेपासून करू, कारण तिथे मराठी माणसाला सगळ्यात मोठी सवलत आहे. ‘मला उद्या आईबरोबर मुंबईला जायचं आहे’ हे वाक्य जर्मनमध्ये असं होतं: इश विल मॉर्गन मिट मायनर मुटर नाख मुंबई फारेन. उद्या, आईबरोबर, मुंबईला, जाणे. क्रम तोच. फक्त ‘विल’, म्हणजे इच्छा सांगणारं क्रियापद, उचलून दुसऱ्या जागी ठेवलं आहे. ‘मी काल पुण्यात एक पुस्तक विकत घेतलं’ घ्या: इश हाबे गेस्टर्न इन पुणे आइन बूख गेकाउफ्ट. काल, पुण्यात, एक पुस्तक, घेतलं. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी इथे अडखळतो, कारण त्याच्या डोक्यात पुस्तक आधी येतं, पुणं नंतर आणि काल सगळ्यात शेवटी. तुम्ही मराठीत वाक्य तयार करा, सहायक क्रियापद तेवढं दुसऱ्या क्रमांकावर न्या, निम्म्याहून अधिक काम झालं.

गौण वाक्यात तर तेही करायचं नाही. ‘वाइल’ म्हणजे ‘कारण’ किंवा ‘डास’ म्हणजे ‘की’ आलं की क्रियापद थेट शेवटी जातं: वाइल इश म्यूडे बिन, कारण मी दमलेलो आहे. ‘आहे’ शेवटी, ‘बिन’ शेवटी. मराठी विद्यार्थी हा नियम पाठ करत बसतात तेव्हा वाईट वाटतं. तो त्यांना जन्मापासून येतो.

विभक्तीचं तसंच. जर्मनमध्ये चार विभक्ती आहेत: नॉमिनाटिफ, अक्कुझाटिफ, डाटिफ आणि गेनिटिफ. कर्ता, कर्म, ज्याला द्यायचं तो, आणि ‘चा-ची-चे’ने दाखवला जाणारा संबंध. ‘मी मुलाला सफरचंद देतो’ या वाक्यात कोण कर्ता, काय कर्म आणि कोणाला दिलं हे आपण सातवीतच ओळखत होतो. जर्मनमध्ये फरक एवढाच की शब्दाला प्रत्यय लागण्याऐवजी त्याच्या आधीचं उपपद बदलतं. पुल्लिंगी डेअरचं कर्म झालं की डेन होतं, देण्याच्या विभक्तीत डेम होतं. स्त्रीलिंगी डी आणि नपुंसकलिंगी डास कर्म झाले तरी बदलत नाहीत. म्हणून सुरुवातीला अख्खा तक्ता पाठ करू नका. पहिले पंधरा दिवस फक्त डेअर आणि डेन यांवर लक्ष ठेवा. डेम, आणि स्त्रीलिंगी डाटिफमधलं डेअर, त्यानंतर घ्या. गेनिटिफ ए२पर्यंत थांबला तरी चालतो.

‘मला’ने सुरू होणारी मराठी वाक्यं हा आणखी एक ठेवा. मला थंडी वाजते: मिअर इस्ट काल्ट. हे पुस्तक मला आवडतं: डास बूख गेफेल्ट मिअर. दोन्हीकडे ‘मिअर’ म्हणजे आपलं ‘मला’. इंग्रजीच्या वाटेने जाणारा ‘इश बिन काल्ट’ म्हणतो, आणि त्याचा अर्थ ‘मी भावनाशून्य आहे’ असा काहीतरी होतो. अर्थात प्रत्येक ‘मला’ असा उतरत नाही. भूक, तहान, ताप यांना जर्मन ‘हाबेन’, म्हणजे ‘जवळ असणे’, वापरतं: इश हाबे हुंगर. अशी वाक्यं सापडतील तशी वेगळ्या पानावर लिहून ठेवा. ती मोजकी आहेत.

आता जिथे मराठी फसवते ती जागा. आपला ‘ला’ दोन कामं करतो. ‘मी त्या माणसाला बघतो’ आणि ‘मी त्या माणसाला मदत करतो’, दोन्हीकडे ‘ला’. जर्मन मात्र पहिल्यात अक्कुझाटिफ घेतं, इश झेहे डेन मान, आणि दुसऱ्यात डाटिफ, इश हेल्फे डेम मान. मराठी विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेत सगळ्यात जास्त चुका इथे असतात, आणि इंग्रजीतून लिहिलेल्या व्याकरणाच्या पुस्तकात त्यावर एक ओळही नसते, कारण ही अडचण इंग्रजी माणसाला याच प्रकारे येत नाही. यावर एक साधी कसोटी आहे. माणसाच्या जागी निर्जीव वस्तू किंवा संस्था ठेवून बघा. ‘मी घर बघतो’: ‘ला’ गळून पडला, म्हणजे तिथे अक्कुझाटिफ. ‘मी संस्थेला मदत करतो’: ‘ला’ टिकला, म्हणजे डाटिफ. बहुतेक क्रियापदांना ही कसोटी लागू पडते. न पडणारी दोन क्रियापदं रोज कामाला येतात, ती पाठच करा: फ्रागेन, म्हणजे विचारणे, आणि आनरूफेन, म्हणजे फोन करणे. मराठीत ‘बाईंना विचारलं’, ‘बाईंना फोन केला’. जर्मनमध्ये दोन्हींना अक्कुझाटिफ. गंमत अशी की विचारण्याला अक्कुझाटिफ, पण उत्तर देण्याला, आंटवॉर्टेनला, डाटिफ.

दुसरी अडचण आपल्या ‘कुठे’ची. ‘पुस्तक टेबलावर आहे’ आणि ‘मी पुस्तक टेबलावर ठेवतो’, दोन्हीकडे ‘टेबलावर’. जर्मन यांत भेद करतं: असतं तिथे डाटिफ, आउफ डेम टिश, नेऊन ठेवायचं तिथे अक्कुझाटिफ, आउफ डेन टिश. नऊ शब्दयोगी अव्ययं अशी दुहेरी आहेत. मराठी इथे मदतीला येत नाही, पण संस्कृत येते. गावात राहतो तेव्हा ‘ग्रामे’, सप्तमी. गावाला जातो तेव्हा ‘ग्रामम्’, द्वितीया. ज्यांनी हे केलं आहे त्यांनी तीच खूणगाठ बांधावी: गतीला द्वितीया, स्थितीला वेगळी विभक्ती.

समासही संस्कृतातूनच सोपे होतात. जर्मन शब्द लांबलचक असतात अशी तक्रार सगळे करतात. क्रांकनफरझिशरुंग्सकार्टे हा शब्द घ्या. तो उजवीकडून डावीकडे उलगडायचा: कार्टे म्हणजे कार्ड, फरझिशरुंग म्हणजे विमा, क्रांकन म्हणजे आजारी. आरोग्यविम्याचं कार्ड. हा आपला तत्पुरुष. शेवटचं पद प्रधान, आणि संपूर्ण शब्दाचं लिंगही त्याच पदाचं. कार्टे स्त्रीलिंगी, म्हणून अख्खा शब्द स्त्रीलिंगी.

लिंगाबद्दल मात्र मराठीवर विसंबू नका. तीन लिंगं असतात हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही, एवढाच फायदा. पुढे सगळं वेगळं. आपलं पुस्तक नपुंसकलिंगी आणि बूखही नपुंसकलिंगी, म्हणून आपण बेसावध होतो. मग टेबल ‘ते’ म्हणून टिशही ‘डास’ लावतो, जे पुल्लिंगी आहे. दार ‘ते’, पण ट्यूर स्त्रीलिंगी. सूर्य ‘तो’, पण झोने स्त्रीलिंगी. चंद्र दोन्हीकडे पुल्लिंगी. उपाय दोन. शब्द कधीच एकटा लिहू नका. उपपदासकट लिहा, शक्य तर तीन लिंगांना तीन रंगांच्या शाया ठेवा. आणि शेवटचे प्रत्यय ओळखा: उंग, हाइट, काइट, शाफ्ट यांनी संपणारी नामं स्त्रीलिंगी, लहानपण दाखवणारा ‘शेन’ लागला की नपुंसकलिंगी, म्हणूनच मुलगी या अर्थाचा मेडशेन हा शब्द नपुंसकलिंगी आहे. ‘पोरगं’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला त्याचं नवल वाटू नये.

भूतकाळाला आपल्या प्रयोगांचा आधार घेता येतो. ‘मी आंबा खाल्ला’ हा कर्मणी प्रयोग. अशा सकर्मक क्रियापदांना जर्मनमध्ये जवळजवळ नेहमी ‘हाबेन’ हे सहायक क्रियापद लागतं. ‘मी गेलो’, ‘तो आला’, ‘झाड वाढलं’ अशी अकर्मक क्रियापदं, ज्यांत जागा बदलते किंवा अवस्था बदलते, त्यांना ‘झाइन’, म्हणजे ‘असणे’. पण ‘मी झोपलो’, ‘मी हसलो’ यांत ना जागा बदलली ना अवस्था, म्हणून तिथे पुन्हा ‘हाबेन’.

एवढं व्याकरण पुरे. आता अनुवाद.

अनुवादाने भाषा शिकवण्याची पद्धत बदनाम झाली ती विनाकारण नाही. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन शाळांत लॅटिन-ग्रीकसारखीच जिवंत भाषाही नियम आणि सुट्या वाक्यांतून शिकवत, आणि मुलांना परीक्षा उत्तीर्ण होऊनही बोलता येत नसे. विल्हेल्म फिएटोर यांनी १८८२ मध्ये याविरुद्ध एक गाजलेली पुस्तिका लिहिली, भाषाशिक्षणाने आता मागे फिरलं पाहिजे असं बजावणारी. त्यांचा आक्षेप खरा होता. पण त्या आक्षेपानंतर वर्गातून अनुवाद जवळजवळ हद्दपार झाला, ते मात्र मला पटत नाही. आपल्याकडे रा. गो. भांडारकरांच्या ‘मार्गोपदेशिके’वर अनेक पिढ्यांनी संस्कृत शिकलं, त्यात नियम थोडके आणि अनुवाद दोन्ही बाजूंनी आहे. दुहेरी अनुवादाची रीत त्याहूनही जुनी आहे. राणी एलिझाबेथ पहिली हिचे शिक्षक रॉजर ॲस्कम यांचं ‘द स्कूलमास्टर’ हे पुस्तक १५७० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालं. त्यात लॅटिन शिकवण्याची ही पद्धत सविस्तर दिली आहे: मूळ उतारा आपल्या भाषेत आणायचा, थोडा वेळ जाऊ द्यायचा, मग मूळ न बघता परत लॅटिनमध्ये न्यायचा आणि मुळाशी ताडून बघायचा.

घरी एकट्याने शिकणाऱ्याला याहून चांगला शिक्षक मिळणं कठीण, म्हणून ही पद्धत जरा नीट सांगतो.

उतारा निवडताना ऐंशी ते शंभर शब्दांच्या वर जाऊ नका. उतारा असा हवा की त्यातले दहापैकी नऊ शब्द ओळखीचे असतील. डॉइचे वेलेची ‘निकोस वेग’ ही मोफत मालिका ए१पासून बी१पर्यंत जाते, तिच्यातले संवाद घ्या. पुढे डॉइचलांडफुंकच्या ‘नाखरिश्टनलाइश्ट’मधल्या सोप्या भाषेतल्या बातम्या घ्या. उतारा आधी दोनदा मोठ्याने वाचा. मग तो मराठीत आणा, आणि इथे हयगय करू नका. ‘माझ्याजवळ एक बहीण आहे’ असं शब्दाला शब्द ठेवून केलेलं मराठी लिहू नका. ‘मला एक बहीण आहे’ असं आपण बोलतो तसं लिहा. मराठी अस्सल असेल तरच परतीच्या वेळी तुम्हाला जर्मन घडवावं लागेल. मराठीच जर्मन वळणाची असली, तर परतीचा प्रवास ही नुसती नक्कल होते.

वही मिटून तीन-चार दिवस जाऊ द्या. मग मराठीवरून परत जर्मन लिहा. मूळ उतारा, कोश, मोबाइल, काहीही उघडू नका. शब्द आठवला नाही तर जागा मोकळी सोडा. लिहून झालं की मुळाशी ओळ न ओळ ताडा आणि समासात प्रत्येक चुकीपुढे एक अक्षर लिहा: वि म्हणजे विभक्ती, लिं म्हणजे लिंग, क्रि म्हणजे क्रियापदाची जागा, श म्हणजे शब्दाची निवड. महिन्याभराने समास वाचलात की पुढचा महिना कशावर घालवायचा ते तुमचं तुम्हालाच कळेल. एखाद्याचे सगळे दोष ‘वि’चे निघतात, एखादीचे ‘श’चे. दोघांना एकच पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला सांगणं हा त्यांच्या वेळेवर अन्याय आहे.

तुमचं वाक्य मुळापेक्षा वेगळं निघेल, पण ते चुकीचंच असेल असं नाही. अशा वेळी ‘डीडब्ल्यूडीएस’ हा बर्लिन-ब्रांडेनबुर्ग विज्ञान अकादमीचा मोफत कोश उघडा. त्यात शब्द खऱ्याखुऱ्या वाक्यांत कसा आणि कोणाच्या सोबतीने येतो ते दिसतं. लिंग, अनेकवचन आणि लेखन यांसाठी ‘डूडेन’ बघा. कोनराड डूडेन यांनी १८८० मध्ये सुरू केलेला हा कोश आजही भरवशाचा मानला जातो. नामाच्या नोंदीत शब्दापाठोपाठ गेनिटिफ आणि अनेकवचन दिलेलं असतं, ते दोन्ही वहीत उतरवा. क्रियापद बघताना एक काळजी घ्या. ‘इश श्टेहे उम झेक्स ऊअर आउफ’ हे वाचताना ‘श्टेहे’पाशी थांबून कोश उघडलात, तर ‘उभा राहतो’ असा अर्थ मिळेल. शेवटचं ‘आउफ’ जोडून शोधायला हवं: आउफश्टेहेन, उठणे. म्हणून वाक्य पूर्ण वाचल्याशिवाय कोशाला हात लावायचा नाही.

शब्द लक्षात ठेवण्यासाठी सेबास्टियान लाइट्नर यांची कार्डांची पेटी पुरेशी आहे. पाच कप्पे. नवं कार्ड पहिल्यात, ते रोज बघायचं. बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात, जो कमी वेळा उघडायचा. चुकलं की पुन्हा पहिल्यात. ‘आंकी’ हे ॲप हेच काम हिशेबाने करतं आणि संगणकावर मोफत मिळतं. इतरांनी तयार केलेले हजारो शब्दांचे संच मात्र उतरवून घेऊ नका. तुमच्या उताऱ्यातून, तुमच्या चुकीतून निघालेलं कार्डच टिकतं. कार्डावर सुटा शब्द न लिहिता एका बाजूला छोटं मराठी वाक्य आणि दुसऱ्या बाजूला जर्मन वाक्य लिहा.

यांत्रिक अनुवाद आणि संवाद करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं सगळ्यांच्या हातात आहेत, ती वापरू नका असं मी म्हणणार नाही. क्रम तेवढा पाळा: आधी तुमचा प्रयत्न, मग यंत्र. त्याला ‘हे दुरुस्त कर’ असं सांगू नका. ‘कोणत्या ओळीत चूक आहे तेवढं सांग, चूक सांगू नकोस’ असं सांगा आणि ती स्वतः शोधा. ते जे कारण देईल ते व्याकरणाच्या पुस्तकात पडताळा. यंत्र चुकीचं कारणही तितक्याच ठामपणे देतं. मराठीतून थेट अनुवाद करवलात तर ‘तुम्ही’वर नजर ठेवा. आपलं ‘तुम्ही’ आदरार्थी एकालाही चालतं आणि अनेकांनाही. जर्मनमध्ये आदराला ‘झी’ आणि मित्रांच्या घोळक्याला ‘ईअर’. इथे यंत्राची हमखास गल्लत होते, आणि नोकरीच्या अर्जात ती खपत नाही.

फिएटोर यांचा मुद्दा विसरायचा नाही, म्हणून कानाचं काम रोज. डॉइचे वेलेच्या संथ वाचलेल्या बातम्या ऐका, एक वाक्य थांबवून तसंच म्हणा, आठवड्यातून एकदा ऐकून लिहा. उच्चारात आपली बाजू चांगली आहे. जर्मन झेड म्हणजे ‘चोर’मधला च, तो मराठी माणसाच्या तोंडात तयार आहे. कठीण जातो तो दोन टिंबांचा यू: ओठ ‘ऊ’सारखे गोल ठेवून ‘ई’ म्हणा, आरशात बघून. वर्ग हवा असेल तर मुंबई-पुण्यातल्या मॅक्स म्युलर भवनात आणि पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधल्या विद्यापीठाच्या विभागात शिकण्याची सोय आहे. गावाकडे असाल तर व्हिडिओ कॉलवर बोलायला कोणीतरी सोबती शोधा. आठवड्याला अर्धा तास पुरतो.

बोलताना मात्र मनातल्या मनात अनुवाद करू नका, तिथे तो आड येतो. सुरुवातीला तयार वाक्यंच बोला, जी कार्डांवरून तोंडात बसली आहेत ती. बी१च्या आसपास एक वेळ येते, जेव्हा उतारा मराठीत न आणताही कळू लागतो. तेव्हा दुहेरी अनुवाद आठवड्यातून एकदाच ठेवा आणि उतारे बदला: घरमालकाला लिहायचं पत्र, रुग्णालयातली रुग्णाची नोंद, रजेचा अर्ज. बी१च्या ग्योटे परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार स्वतंत्र भाग असतात आणि प्रत्येकात ६० टक्के लागतात. लेखनाच्या भागात मित्राला अनौपचारिक आणि परक्याला औपचारिक, असं दोन्ही प्रकारचं लिहावं लागतं. दोन्हींची मराठीत चार-चार पत्रं लिहून ठेवा आणि ती जर्मनमध्ये न्यायला घ्या.